पाहुण्यापुढचं पाणी

लातूरला जिल्हा झाल्याचे पेढे खाऊन तीन वर्षं उलटली, तरी गावाला अजून जिल्ह्यासारखं वागता येत नव्हतं. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, साहेबलोक कुणाच्या तरी माडीवर, फायली गोणपाटात आणि पाणी कुणाच्याच घरात नाही. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. नळ होता, पण तो भिंतीला लावून ठेवलेल्या शोभेच्या वस्तूइतकाच कामाचा. टँकर यायचा तो त्याच्या मर्जीनं. तो आला की गल्लीतल्या बाया घागरी घेऊन अशा धावायच्या, की दहा वर्षांचा शेजारधर्म तेवढ्या वेळात धुऊन निघायचा.

गंजगोलाईच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत गुरुपादप्पाचं दोरखंडाचं दुकान होतं आणि दुकानामागं घर. विहिरी आटल्या की दोर लांब लागतो, म्हणून दुष्काळात त्याचं दुकान बरं चालायचं. लोक म्हणायचे, "गुरुपादप्पा, तुमची चांदी हाय." त्याला ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तो होताच तसा. दुसऱ्याच्या अडचणीवर दोन घास जास्त मिळाले तर ते त्याला गिळायचे नाहीत. शिवकांताला नवऱ्याच्या या स्वभावाचा लग्न झालं तेव्हा अभिमान होता, पुढं सवय झाली आणि आता लेक बाविशीला आल्यावर त्याची भीती वाटत होती.

चंद्रप्पा याच दुकानात पहिल्यांदा आला. नांदेडच्या एका लोखंडी कपाटांच्या कारखान्याचा हा फिरता माणूस. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नव्या कचेऱ्या म्हणजे कपाटं, टेबलं, खुर्च्या. साहेबांना भेटायचं, माल दाखवायचा, ऑर्डर घ्यायची, हे त्याचं काम. ट्रकमधली कपाटं बांधायला दोर घ्यायला आला आणि गुरुपादप्पाच्या कपाळावरची विभूती बघून, आपलाच लिंगवंत माणूस म्हणून, तिथंच बसला. कुठले, कोणते, गुरू कोण, मठ कोणता, अशी चौकशी झाली. अहमदपूरच्या कुणाच्या तरी मामेसासऱ्यावरून नातंही निघालं. आपल्या लोकांत नातं निघायला मामेसासरासुद्धा लांबचा धरत नाहीत.

"उतरलाव कुठं?" गुरुपादप्पानं विचारलं.

"बसस्टँडपाशी लॉज हाय. पण काय सांगू, कारखाना खर्च देतो म्हणून काय झालं? त्या खोलीत रात्री कोण काय खाऊन-पिऊन गेलं, कुणाला ठाव? तिथं सकाळी पूजेला लिंग हातावर घ्यायचं म्हणजे जिवावर येऊन राहिलं. आन् पाणी? एक बादली देतेत, ती बी गढूळ."

झालं. गुरुपादप्पानं त्याची बॅग उचलली आणि घरात आणली. "अगं ऐकलीस का, पाहुणे हायेत," म्हणाला. तेव्हापासून महिन्यातून एक खेप, कधी दोन, चंद्रप्पाचा मुक्काम यांच्या घरी ठरून गेला. लॉजच्या खर्चाचा कागद तो कारखान्याला कुठून आणून द्यायचा, हे शिवकांतानं विचारलं नाही. तिला कळत होतं, पण पाहुण्याच्या खिशात डोकावायची या घराची रीत नव्हती.

रीतींनी तर हे घर ठासून भरलं होतं. शिवकांताची सासू गुरम्मा जाऊन सहा वर्षं झाली, पण तिचा शब्द अजून चुलीपाशी बसलेला होता. पाहुणा दारात आला की पितळी चरवी भरून त्याच्यापुढं ठेवायची. ठेवलेलं पाणी त्याचं झालं. त्यानं पाय धुवावेत, तोंड धुवावं, नुसता हात बुचकळून सोडावा, पण ते परत रांजणात न्यायचं नाही. उरलं तर दारातल्या बेलाला घालायचं. त्या दोन वर्षांत त्या बेलाला जे पाणी मिळालं, ते पाहुण्यांचं उरलेलं तेवढंच. चंद्रप्पा फारसं उरवत नसे.

दुसरी रीत त्याहून कडक. आंघोळ, मग लिंगपूजा, मग अन्न. ओल्या फडक्यानं अंग पुसून पूजेला बसणारी घरं गल्लीत होती. गुरम्माच्या घरात ते चालत नव्हतं, ती गेल्यावरही. त्यामुळं चंद्रप्पाच्या मुक्कामी सकाळी घरात एक कोडं पडायचं. पाहुण्याला दोन बादल्या, तेही ऊन पाणी. गुरुपादप्पाला दुकान उघडायचं, त्याला अर्धी बादली. स्वयंपाक करणारीला तांब्या-दोन तांबे तरी लागणारच. उरायची ती लेक, जगदेवी.

"अव्वा, तू कर. मी टँकर आल्यावर करते," ती आईला म्हणायची.

टँकर कधी दुपारी यायचा, कधी दिवेलागणीला, कधी दुसऱ्या दिवशी. तोवर पोरगी उपाशी. आंघोळ नाही म्हणून पूजा नाही, पूजा नाही म्हणून भाकरी नाही. पहिल्यांदा शिवकांताला ते बघवलं नाही. पुढं पुढं तिनं मनाला समजावलं. कारण चंद्रप्पाच्या बोलण्याला एक वेगळीच गोडी यायला लागली होती.

"वा! जगदेवीच्या हातची भाकरी म्हणजे कापूस," तो ताटावर बसून म्हणायचा. भाकरी शिवकांतानं थापलेली असायची. आंघोळ न झालेल्या पोरीला ती चुलीला शिवू देत नव्हती. पण तिनं कधी दुरुस्ती केली नाही. पोरीच्या नावावर जमा होतंय तर होऊ दे, असा तिचा हिशेब.

मग म्हणायचा, "आमचा पोरगा महालिंग ना, असाच. कमी बोलणार. नांदेडला बँकेत लागलाय. त्याला घरातली शांत पोरगी लागंल."

मग एकदा म्हणाला, "जगदेवी, उभी ऱ्हा बरं दाराशी. हां. महालिंग एवढाच, बोटभर उंच असंल."

आता सांगा, दुसऱ्याच्या वयात आलेल्या लेकीला चौकटीशी उभं करून आपल्या मुलाची उंची कुणी उगाच सांगतं का? जगदेवी पाठमोरी झाली आणि आत गेली. तिचे कान लाल झाले होते. त्या दिवसापासून चंद्रप्पाच्या खेपेची ती वाट बघायला लागली. त्याचं अंथरूण झटकून घालायची, त्याच्या सदऱ्याला इस्त्री करायची, आणि उपास तर आता हक्कानंच करायची. सासऱ्यासाठी उपाशी राहायला कुणाची ना असते? शिवकांताला सगळं दिसत होतं आणि सगळं गोड लागत होतं. लेक नांदेडला, जावई बँकेत, हे वाक्य तिनं मनात इतक्यांदा घोळवलं होतं की ते खरं झाल्यासारखंच होतं.

दिवाळीच्या आधी चंद्रप्पाला मोठी ऑर्डर मिळाली. एका अख्ख्या नव्या कचेरीची कपाटं. तो पेढे घेऊन आला. गुरुपादप्पा पुढं झाला, तर त्याला हातानं थांबवून म्हणाला, "न्हाई न्हाई. आधी घरच्या लक्ष्मीला." आणि पहिला पेढा त्यानं जगदेवीच्या हातावर ठेवला.

यांच्यात सोयरीक ठरली की मुलाचा बाप पहिलं गोड मुलीच्या हातावर ठेवतो, मग तिच्या बापाच्या. हे चंद्रप्पाला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. तो याच पाण्यातला मासा. गुरुपादप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. रात्री तो शिवकांताला म्हणाला, "झालं गं. देवानं घरबसल्या पाठवलं."

"मग विचारा की. तारीख-बिरीख. बैठक कधी बसवायची."

तो अंथरुणावर उठून बसला. मग म्हणाला, "आपल्या घरी खाऊन ऱ्हायलेल्या माणसाला तोंडानं मागायचं? म्हणजे घातलेल्या भाकरीची किंमत सांगितल्यासारखं हाय ते. त्यालाच बोलू दे."

इथंच सगळी गाडी अडली. मुलीच्या बापानं विचारायचं, ही जगाची रीत. पण पाहुण्याकडं काही मागायचं नाही, ही घराची रीत. आणि हा पाहुणा महिन्या-महिन्याला येऊन त्याच घरात पाय पसरत होता. तो पाहुणा आहे तोवर मागता येत नाही, आणि तो पाहुणेपण सोडत नाही.

माघात अहमदपूरहून गुरुपादप्पाची थोरली बहीण दानम्मा आली. तिनं एक स्थळ आणलं होतं. सिद्धराम नावाचा मुलगा, जळकोटच्या शाळेत मास्तर, घर अहमदपूरजवळच्या खेड्यात.

"रंगानं सावळा हाय, पण माणसं सोन्यासारखी," दानम्मा म्हणाली. "आन् घरच्या विहिरीला या सालात बी पाणी हाय, वैनी. अख्खं गाव भरून राहिलंय. पोरीला पाण्याची ददात न्हाई पडायची."

"विहीर बघून लेक द्यायची का अक्का?" गुरुपादप्पा हसला. "तिचं ठरल्यात जमा हाय."

"कुणी ठरवलं? कुणासमोर? सुपारी फुटली का?"

"पेढा दिला त्यानं. तिच्या हातावर."

दानम्मानं भावजयीकडं बघितलं. शिवकांतानं मान खाली घातली. खरं सांगायचं तर तिलाही मास्तर नको होता. बँकेपुढं शाळा फिकी वाटत होती.

"हे बघ गुरुपादा," दानम्मा शेवटी म्हणाली, "तुझ्या घरात तुला विचारता येत न्हाई ना? मग तू त्याच्या घरी जा. तिथं तू पाहुणा. त्याच्या ओसरीवर बसून विचार. मी तोवर त्या लोकांना थांबवते. पण पाडव्यापर्यंत. त्याच्या पुढं त्येंच्या घरी पोरगी हुडकायला लागतेत."

हा सल्ला बिनतोड होता. गुरुपादप्पानं धुतलेलं धोतर नेसलं, नवा रुमाल बांधला आणि नांदेडच्या एसटीत बसला. मुक्कामाला राहीन म्हणून गेलेला माणूस त्याच रात्री परत आला.

"काय झालं?" शिवकांतानं दारातच विचारलं.

"लई मान दिला त्यानं," तो म्हणाला. "कारखान्यावरच भेटला. घराला रंग देऊन राहिलेत म्हणं, बसायला जागा न्हाई. मग एका चांगल्या खानावळीत घेऊन गेला. दोन भाज्या, वरण, श्रीखंड. पैसे देऊ दिले न्हाईत. स्टँडवर सोडायला आला, खिडकीतून हात हलवला."

"घरी नेलं न्हाई?"

"सांगितलं ना, रंग चाललाय."

"मुलाच्या आईनं पाणी दिलं का? महालिंग दिसला का?"

"खानावळीत कशा येतील त्या?" तो चिडला. "आन् खानावळीत चार लोकांत कसं विचारणार? तू बी..."

शिवकांता आत वळली. ज्या माणसाची चरवी या घरात वर्षभर भरली, त्यानं हिच्या नवऱ्याला आपल्या घराचा उंबरा दाखवला नव्हता. हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं. पण कळूनही तिनं ते मनाच्या तळाशी दाबलं. आशा मोठी लबाड असते, ती रंगाच्या डब्यांवरसुद्धा विश्वास ठेवते.

त्यानंतर चंद्रप्पाच्या दोन खेपा झाल्या. तो तसाच गोड बोलला, तशाच दोन बादल्या ओतून घेतल्या. पाडवा आला आणि गेला. दानम्माचा निरोप आला, की सिद्धरामाला जळकोटचीच मुलगी दिली. गुरुपादप्पा म्हणाला, "चांगलं झालं, त्येंचं बी झालं."

वैशाखातली सकाळ होती. आठ वाजताच पत्रा तापला होता. टँकर आदल्या दिवशी आला नव्हता आणि रांजणात वीतभरच पाणी होतं. तेवढ्यात दारात चंद्रप्पाचा आवाज आला, "आहेत का घरात?" जगदेवी उठली. तिनं पदर सारखा केला आणि चरवी भरली. काठोकाठ. तिच्या हाताला रांजणाचा तळ लागला, पण तिनं मोजलं नाही. चरवी ओसरीवर ठेवली, शेजारी तांब्या, खांद्यावरचा पंचा खुंटीला लावला आणि दाराआड उभी राहिली.

चंद्रप्पा आज नव्या सदऱ्यात होता. हातात पेढ्यांचा पुडा. खुर्चीवर बसला, वहाणा काढल्या आणि पाय चरवीकडं सरकवत पुडा सोडला. जगदेवी अर्धी दाराबाहेर आली. तिनं हात पुढं केला नव्हता, पण बोटं जरा उघडली होती, ती शिवकांतानं बघितली.

पहिला पेढा त्यानं गुरुपादप्पाच्या हातावर ठेवला.

"महालिंगाचं जमलं," तो म्हणाला. "आन् गंमत बघा, मुलगी तुमच्या लातूरचीच. आपली ती मोठी ऑर्डर न्हवती का? त्या कचेरीतल्या साहेबाची पुतणी. आपल्यातलेच हायेत. पत्रिका छापायला टाकल्यात. लग्न इथंच, जेठात."

गुरुपादप्पाच्या हातावर पेढा तसाच राहिला. जगदेवी दाराआड सरकली. चंद्रप्पा बोलतच होता. त्याच्या बोलण्याला खंड नव्हता.

"आमचं वऱ्हाड पंचवीस-तीस माणसांचं. लॉज बघितले. पण लॉजवर काय हाल असतेत, मी का तुम्हाला सांगायला पाहिजे? बाया-माणसं, पोरंसोरं. पाण्याचे वांधे. म्हणलं, गुरुपादप्पाचं घर असताना लॉजवर कशाला मरायचं? दोन दिवसांचा तर प्रश्न. नवऱ्या मुलाची हळद बी याच अंगणात लावू. काय?"

"हाव," गुरुपादप्पा म्हणाला. "या की."

त्याच्या तोंडातून ते आपसूक निघालं. आयुष्यभर पाहुण्याला त्यानं दुसरा शब्द दिलाच नव्हता. तळहातावर पेढा वितळत होता आणि हा म्हणतो या की. शिवकांताला त्या दोघांपैकी कुणाचा जास्त राग आला, हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं.

ती उंबऱ्यात आली. तिनं एवढंच विचारलं, "अण्णा, तीस माणसांना पाणी कुठून आणायचं?"

चंद्रप्पाचं तोंड उतरलं. तो खुर्चीत सावरून बसला आणि एकदम म्हणाला, "वहिनी, हे बघा, मी कधी शब्द दिला न्हवता."

तिनं पाण्याचं विचारलं होतं. शब्दाचं नाव कुणी काढलं नव्हतं, ना तिनं, ना गुरुपादप्पानं, गेल्या वर्षभरात एकदाही नाही. म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. चौकटीशी उभं केलं तेव्हाही, पेढा ठेवला तेव्हाही, खानावळीत श्रीखंड वाढलं तेव्हाही. यांना तोंडानं विचारता येणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि त्याच्यावरच तो वर्षभर या घरात निवांत झोपला. लॉजवर म्हणे लिंग हातावर घेववत नव्हतं.

"शब्द न्हवता दिला," शिवकांता म्हणाली. "खरं हाय. तुम्ही फक्त पाणी घेतलंव."

"म्हंजे?"

"माझी लेक तुमच्या मुक्कामी उपाशी ऱ्हायची, अण्णा. तुमच्या दोन बादल्यांत तिची आंघोळ जायची. तुम्ही बी लिंगवंत. आंघोळीवाचून आमच्यात भाकरी कुणी खात न्हाई, हे तुम्हाला नव्यानं सांगावं लागतंय का? तुम्ही ताटावर बसून विचारायचाव, पोरगी जेवत न्हाई का म्हणून. मी म्हणायची, तिचं मागून. एकदा बी तुम्ही बादली अर्धी ठेवली न्हाई."

"अगं, पाहुण्याला काय बोलून राहिलीस?" गुरुपादप्पा उठला.

चंद्रप्पानं हसायचा प्रयत्न केला. "ऊन लई हाय. वहिनींचं डोकं तापलंय," म्हणत त्यानं पाय पुढं केला आणि तांब्याकडं हात नेला.

शिवकांतानं वाकून चरवी उचलली. काठोकाठ भरलेली ती पितळी चरवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून, एक थेंब सांडू न देता ती आत गेली, आणि सगळं पाणी तिनं रांजणात परत ओतलं. बाहेर दोघांनाही तो आवाज ऐकू गेला. या घरात तो आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. गुरुपादप्पानं दोन्ही कानांवर हात ठेवावेत तसा चेहरा केला.

चंद्रप्पानं कोरड्याच पायांत वहाणा सरकवल्या. पुडा खुर्चीवरच राहिला. त्यानं बॅग उचलायच्या आत गुरुपादप्पानं ती उचलली. "चला, मी लॉजपर्यंत येतो," तो म्हणाला. आणि भर उन्हात, डोक्याला रुमाल न बांधता, तो त्या माणसाची बॅग घेऊन त्याच्या मागून निघाला. शिवकांता उंबऱ्यात उभी राहून बघत होती. वाटेत कुणीतरी हाक मारली, "काय गुरुपादप्पा, पाहुणे निघाले वाटतं?" तो काय म्हणाला ते तिला ऐकू आलं नाही.

आत येऊन तिनं रांजणातलं पाणी बादलीत काढलं आणि न्हाणीत ठेवलं.

"आंघोळ कर," ती जगदेवीला म्हणाली.

"टँकर आल्यावर करते की."

"आत्ता कर."

जगदेवीनं आंघोळ केली. पूजेला बसली, डाव्या तळहातावर लिंग घेतलं, विभूती लावली, आणि नेहमीपेक्षा बराच वेळ तशीच बसली. शिवकांतानं भाकरी टाकली. पोरगी ताटावर आली आणि मुकाट्यानं खाऊ लागली. अर्धी भाकरी झाल्यावर तिनं खाली बघूनच विचारलं, "अव्वा, त्या जळकोटच्या मास्तरचं लग्न झालं ना?"

"झालं."

"आत्या म्हणत होती, त्येंच्या विहिरीला पाणी हाय."

"हाव."

"या सालात बी?"

शिवकांतानं तव्यावरची भाकरी उलटली. "या सालात बी," ती म्हणाली.

जगदेवीनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, दोन घोट घेतले आणि सवयीनं बाकीचं पाणी उद्यासाठी झाकून ठेवलं.